स्पेशल एडिशन डिस्क कशा जमवाव्यात: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

अभिजात आणि कल्ट सिनेमांच्या स्पेशल एडिशन घेणाऱ्यांचं नुकसान बहुतेक वेळा एकाच कारणानं होतं: क्रम उलटा लागतो. नव्या पेटीचं चित्र दिसतं, खाली 'मर्यादित प्रती' असं लिहिलेलं असतं आणि घाईघाईनं ऑर्डर जाते. मग कळतं की डिस्क घरच्या प्लेअरवर चालत नाही. चालली तर सिनेमा कापलेला निघतो. तेही नसेल, तर आपल्याकडे असलेलंच जुनं ट्रान्सफर (फिल्मवरून डिस्कसाठी उतरवलेलं चित्र) नव्या खोक्यात घालून आलेलं असतं. खालच्या क्रमात पेटीचा विचार चौथ्या टप्प्यावर येतो. त्याआधी तिच्याकडे बघूच नका.

## टप्पा १: आधी प्लेअर आणि टीव्ही

ब्लू-रेसाठी जग तीन रीजनमध्ये, म्हणजे विभागांत, वाटलेलं आहे; एका रीजनपुरती बंद केलेली डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर चालत नाही. 'ए'मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, आग्नेय आशिया. 'बी'मध्ये युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. 'सी'मध्ये भारत, चीन, रशिया, मध्य आशिया. डीव्हीडीचे रीजन वेगळे, १ ते ६ अशा आकड्यांचे. या दोन व्यवस्थांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. प्लेअरच्या जाहिरातीत 'रीजन फ्री' लिहिलेलं असतं, तेव्हा पुष्कळदा ते फक्त डीव्हीडीबद्दल असतं. ब्लू-रेचे ए, बी, सी तिन्ही चालतात का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजनचं कुलूप नसतं. पण फोर-के संचात बहुधा जोडीला एक ब्लू-रेही असते आणि माहितीपट, मुलाखती, काढून टाकलेली दृश्यं हा सगळा ऐवज अनेकदा तिच्यावरच ठेवलेला असतो. ती ब्लू-रे रीजनबंद असू शकते. म्हणजे सिनेमा दिसेल, पण ज्या पुरवण्यांसाठी जास्त पैसे मोजले त्या बघता येणार नाहीत.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही गेमिंग यंत्रं (डिस्क ड्राइव्ह असलेली) फोर-के डिस्क चालवतात, पण ब्लू-रेचं रीजन त्यांनाही लागू असतं आणि डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (उजेड आणि रंग दृश्यागणिक जुळवणारी पद्धत) दोन्ही दाखवत नाहीत. सुरुवातीला चालून जाईल. संग्रह वाढवायचा असेल तर स्वतंत्र प्लेअर घ्या. ओप्पोनं २०१८ मध्ये प्लेअर बनवणं बंद केलं. त्याच्या जुन्या मशिनांना अजून फार मान आहे, पण सुटे भाग मिळण्याची खात्री नसलेल्या वापरलेल्या मशिनवर मोठी रक्कम घालणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

तपासा: टीव्ही ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० वेळा बदलणारा) सिग्नल घेतो का? युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या डिस्कवरच्या पुरवण्या, विशेषतः दूरचित्रवाणीसाठी बनलेल्या जुन्या मुलाखती, पुष्कळदा ५० हर्ट्झमध्ये असतात. टीव्हीला किंवा प्लेअरला ते जमत नसेल तर मुख्य सिनेमा नीट चालतो आणि पुरवणी लावली की पडदा काळा होतो. डिस्क खराब आहे समजून लोक ती परत पाठवतात.

## टप्पा २: सिनेमाची कोणती आवृत्ती हवी ते ठरवा

हव्या असलेल्या सिनेमांची यादी सगळे करतात. त्या यादीत नावापुढे आवृत्ती लिहिणारे थोडे. कल्ट सिनेमांच्या बाबतीत नुसतं नाव पुरत नाही. 'ब्लेड रनर'च्या (१९८२) २००७ सालच्या मोठ्या संचात पाच आवृत्त्या आहेत: वर्कप्रिंट (संकलन पूर्ण होण्याआधीची कामचलाऊ प्रत), अमेरिकेतली मूळ, आंतरराष्ट्रीय, १९९२ चा डायरेक्टर्स कट आणि २००७ चा फायनल कट. जॉर्ज रोमेरोच्या 'डॉन ऑफ द डेड'च्या (१९७८) तीन आवृत्त्या आहेत आणि प्रत्येकीचे कट्टर चाहते वेगळे. थिएटरात पाहिलेला सिनेमा हवा असताना डायरेक्टर्स कट घेऊन बसलात तर दोष कंपनीचा नाही.

डायरेक्टर्स कट म्हणजे आपोआप चांगला, हेही डोक्यातून काढा. काही वेळा ते शब्द केवळ विक्रीसाठी छापलेले असतात आणि दिग्दर्शकाचा त्या कापाकापीशी फारसा संबंध नसतो.

यादीत प्रत्येक सिनेमापुढे या गोष्टी असाव्यात:

1. आवृत्तीचं नाव आणि तिची मिनिटांतली लांबी.
2. मूळ भाषा, आणि तुम्हाला वाचता येतील अशी सबटायटल्स.
3. चित्राचं मूळ प्रमाण (उंचीच्या तुलनेत रुंदी): १.३७, १.६६, १.८५ की २.३९.
4. मूळ आवाज मोनो की स्टीरिओ.

लांबी बघताना एक घोळ नेहमी होतो. पाल पद्धतीच्या (युरोप, भारत इथल्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५ च्या वेगानं चालतो, म्हणजे साधारण ४ टक्के लवकर संपतो. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांचा दिसला तर तो कापलेला असेलच असं नाही. ब्लू-रेवर सिनेमा सहसा मूळ २४ च्या वेगानंच असतो, म्हणून तिथे चार मिनिटं कमी दिसली तर संशय घ्या.

खरी काटछाट देशानुसार होते. ब्रिटनमध्ये १९३७ चा एक कायदा आहे: चित्रीकरणासाठी प्राण्यांना मुद्दाम इजा केलेली दृश्यं दाखवता येत नाहीत. त्यामुळे घोडे पाडलेले जुने वेस्टर्न आणि काही इटालियन भयपट ब्रिटिश डिस्कवर काही सेकंदांनी किंवा त्याहून जास्त कापलेले असतात, मग कंपनी कितीही नावाजलेली असो. असा सिनेमा दुसऱ्या देशातून घ्यावा लागतो. देशवार फरक बघायला 'डीव्हीडी कम्पेअर' या संकेतस्थळावरच्या नोंदी सर्वात उपयोगी.

## टप्पा ३: ट्रान्सफरची चौकशी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पेटीवर 'नवं फोर-के रिस्टोरेशन' असं छापलेलं असतं. त्यावरून एवढंच कळतं की कोणीतरी, कधीतरी, कशावरून तरी स्कॅन केलं. पुढचे तीन प्रश्न तुम्ही विचारायचे.

कशावरून स्कॅन केलं? मूळ कॅमेरा निगेटिव्ह सर्वात उत्तम. त्यानंतर इंटरपॉझिटिव्ह (निगेटिव्हवरून काढलेली पॉझिटिव्ह प्रत), मग ड्युप निगेटिव्ह (तिच्यावरून काढलेलं दुय्यम निगेटिव्ह), आणि शेवटी थिएटरात चालवलेली प्रिंट. प्रत्येक पायरीला तपशील कमी होतो. पण निगेटिव्ह नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. पुढे बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यातले वाचलेले भाग पुन्हा लवचिक करून स्कॅन केले गेले आणि बाकीचा भाग इतर ठिकाणच्या ड्युप निगेटिव्ह आणि फाइन-ग्रेन (बारीक कणांच्या फिल्मवर काढलेल्या) प्रतींवरून भरला. त्या डिस्कवर मध्येच एखादं दृश्य थोडं मऊ किंवा खरखरीत दिसलं तर ते यामुळे. चांगल्या कंपन्या हे सगळं पुस्तिकेत स्पष्ट लिहितात. जिथे मूळ साहित्याबद्दल एक ओळही नाही, तिथे सावध राहावं.

स्कॅननंतर काय केलं? फिल्मवरचे बारीक कण, म्हणजे ग्रेन, हा चित्राचाच भाग आहे. संगणकानं तो पुसला की चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात आणि माणसं मेणाची दिसू लागतात. 'प्रेडेटर'ची २०१० सालची 'अल्टिमेट हंटर एडिशन' या दोषासाठी संग्राहकांत कुप्रसिद्ध आहे. दुसरी तक्रार रंगांची: दिवसाची दृश्यं निळसर-हिरवट, कातडी नारिंगी, किंवा सगळ्या चित्रावर पिवळट झाक. दिग्दर्शकानं मान्यता दिली आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कित्येक दिग्दर्शकांनी म्हातारपणी स्वतःच्याच सिनेमाचे रंग बदलले आहेत. तो त्यांचा हक्क आहे, पण मूळ रंगांतला सिनेमा हवा असेल तर जुनी डिस्क शोधायला लागते.

डिस्कवर कसं बसवलं? ब्लू-रे २५ किंवा ५० जीबीची असते; फोर-के डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीची. तीन तासांचा ग्रेनदार सिनेमा आणि पाच तासांच्या पुरवण्या एकाच ब्लू-रेवर कोंबल्या तर धूर, धुकं आणि अंधार यांत चौकोनी डाग दिसतात. पुरवण्यांसाठी वेगळी डिस्क असणं हे चांगलं लक्षण.

तुलनेसाठी 'डीव्हीडी बीव्हर'सारख्या संकेतस्थळांवर एकाच दृश्याची वेगवेगळ्या डिस्कवरची चित्रं शेजारी शेजारी मिळतात. ती पूर्ण आकारात उघडून बघा. फोनच्या पडद्यावर सगळंच सुंदर दिसतं.

इशारा: एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला) असलेल्या फोर-के डिस्कची स्थिर चित्रं साध्या पडद्यावर फिकट किंवा अंधारी दिसतात. त्यावरून उजेड आणि रंग यांचा निकाल लावू नका. ग्रेन आणि तपशील मात्र त्यांवरूनही जोखता येतात.

तपासा: मूळ आवाज डिस्कवर आहे का? जुन्या मोनो सिनेमाला नवा ५.१ (सहा स्पीकरांचा) आवाज चढवताना बंदुकीचे, दारांचे आवाज कधी कधी चक्क बदललेले असतात. मोनो ट्रॅक हवाच. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इटालियन सिनेमांत इटालियन आणि इंग्रजी दोन्ही आवाज चित्रीकरणानंतर डब केलेले असतात, त्यामुळे तिथे 'मूळ' कोणता यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही ट्रॅक असावेत, आणि इटालियन ट्रॅकसाठीची सबटायटल्स इटालियन संवादांवरून केलेली असावीत. काही डिस्कवर इंग्रजी डबिंगचीच वाक्यं सबटायटल्स म्हणून खाली चिकटवलेली असतात आणि पात्र बोलतं एक, वाचायला मिळतं दुसरंच. फ्रेंच डिस्कवर कधी कधी मूळ आवाज निवडला की फ्रेंच सबटायटल्स बंदच करता येत नाहीत, तेही आधी बघून ठेवा.

## टप्पा ४: आता पेटी

ॲरो, इंडिकेटर, सेकंड साइट यांसारख्या कंपन्यांची रीत ठरलेली आहे. आधी जाड पेटी, पुस्तक, कार्डं, पोस्टर असलेली लिमिटेड एडिशन येते. ती संपली की काही महिन्यांनी साध्या खोक्यात स्टँडर्ड एडिशन येते आणि सिनेमाची डिस्क बहुधा तीच असते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: लिमिटेडमध्ये असं काय आहे जे नंतर मिळणार नाही? जाडजूड अभ्यासपूर्ण पुस्तक असेल किंवा दुसरी आवृत्ती असलेली जादा डिस्क असेल तर लवकर घ्या. चार पोस्टकार्डं आणि घडी घातलेलं पोस्टर असेल तर थांबा.

पुरवण्यांचे नुसते तास मोजू नका. सिनेमाच्या अभ्यासकाची एक तयारीनिशी केलेली कमेंटरी (सिनेमा चालू असताना ऐकायचं भाष्य) दहा प्रचारकी मुलाखतींना भारी पडते. शिवाय नव्यानं केलेल्या पुरवण्या कोणत्या आणि जुन्या डिस्कवरून उचललेल्या कोणत्या, हे यादीत वेगळं करून बघा.

स्लिपकव्हर (खोक्यावरचं पुठ्ठ्याचं आवरण) आणि स्टीलबुक (पत्र्याचं खोकं) यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे: त्यांच्यासाठी तोच सिनेमा पुन्हा घेणं ही पत्र्याची आणि पुठ्ठ्याची खरेदी आहे. ज्यांना तोच छंद आहे त्यांनी खुशाल करावा, फक्त सिनेमाच्या खर्चात तो धरू नये.

इशारा: 'मर्यादित' आणि 'पुन्हा कधीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटी मर्यादित असते. सिनेमा खरोखर बाजारातून जातो तो हक्कांची मुदत संपल्यावर, कारण कंपन्या बहुतेक सिनेमे ठरावीक वर्षांसाठी घेतात. हक्क संपत असल्याची घोषणा झाली की मात्र रेंगाळू नका. त्यानंतर वापरलेल्या प्रतींचे भाव झपाट्यानं चढतात.

## टप्पा ५: मागवणं

नव्या डिस्कबाबत फार सांगण्यासारखं नाही. प्रकाशनपूर्व ऑर्डर कंपनीकडे थेट द्या, म्हणजे सदोष डिस्क बदलून मिळण्यासाठी कोणाच्या मागे लागायचं ते ठरलेलं राहतं. परदेशातून मागवताना टपाल आणि आयात शुल्क धरून एकूण रक्कम काढा. दोन-तीन पेट्या एकत्र मागवणं परवडतं, पण मग त्यातल्या सर्वात उशिरा येणाऱ्या डिस्कसाठी बाकीच्या अडकून राहतात.

वापरलेल्या प्रतींचं प्रकरण नाजूक असतं. विकणाऱ्याकडून हे फोटो मागा:

- डिस्कची चमकती बाजू, तिरक्या उजेडात;
- पेटीचे चारही कोपरे आणि कणा;
- आतलं सगळं सामान एकत्र मांडून, प्रतीच्या क्रमांकाचं कार्ड असेल तर तेही;
- मागच्या बाजूचा बारकोड आणि रीजनचं चिन्ह.

नकली डिस्क ओळखायची तर मधल्या कड्याजवळ बघा. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर 'आयएफपीआय' ही अक्षरं आणि त्यांपुढे बारीक कोड कोरलेला असतो. खालची बाजू जांभळट असलेली डीव्हीडी ही संगणकावर लिहिलेली असते. तरी एवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नका: वॉर्नर ब्रदर्सच्या वॉर्नर आर्काइव्ह विभागानं २००९ पासून मागणीनुसार विकलेल्या कित्येक अधिकृत डीव्हीडी अशाच लिहिलेल्या होत्या. कंपनीचं नाव, हक्कांची ओळ, बारकोड आणि डिस्कचा प्रकार हे सगळं जुळतं का ते एकत्र बघावं. जो सिनेमा कोणत्याच ओळखीच्या कंपनीनं ब्लू-रेवर आणलेला नाही, तो एखाद्या अनोळखी नावाखाली स्वस्तात मिळत असेल तर बहुधा टीव्हीवरून उतरवलेला असतो.

## टप्पा ६: आल्या आल्या तपासणी

वेष्टन न फोडता पेटी वर्षानुवर्षं ठेवणं ही संग्राहकांची सर्वात महागडी सवय. दोष निघतो तेव्हा परतीची मुदत संपलेली असते आणि बदली डिस्कही संपलेल्या असतात. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेल्या 'सिटिझन केन'च्या संचात ब्लू-रेवर सुमारे अर्ध्या तासानंतर चित्राचा कॉन्ट्रास्ट घसरत होता. कंपनीनं डिस्क बदलून दिल्या, पण त्यासाठी तो दोष आधी कोणीतरी बघायला हवा. पहिली दहा मिनिटं बघून डिस्क ठीक आहे म्हणणाऱ्याला तो दिसलाच नसता.

1. वेष्टन खोक्याच्या उघडणाऱ्या बाजूनं, कडेशी अलगद कापा. पेटीच्या पाठीला नुसता चिकटवलेला माहितीचा कागद असेल तर तो फाटू देऊ नका.
2. डिस्क काढताना मधला खिळा दाबा. कडेनं ओढली की डिस्क वाकते आणि मध्याशी चीर पडते.
3. प्रत्येक डिस्कवरचं नाव आणि प्रत्यक्ष चालणारा मजकूर जुळतो का बघा. पेटीत एकच डिस्क दोनदा आलेली सापडते.
4. सुरुवात, मध्य, शेवट, आणि मध्याच्या आसपास दहा मिनिटं सलग चालवा. डिस्कवरच्या माहितीच्या एका थरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळणं इथे कळतं.
5. पुरवण्यांची प्रत्येक फीत उघडून मिनिटभर चालवा.
6. सिनेमाची लांबी यादीतल्या आकड्याशी ताडून बघा.

इशारा: १०० जीबीची फोर-के डिस्क मध्येच गोठली तर लगेच सदोष ठरवू नका. तिच्यात माहितीचे तीन थर असतात आणि बोटाचा पुसट ठसाही तिला अडवतो. मऊ मायक्रोफायबर कापडानं मध्याकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तरी त्याच जागी अडकली तर परत करा. ओरखडे घासून काढणारी यंत्रं ब्लू-रेवर वापरू नयेत: डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत जेमतेम ०.१. घासायला जागाच नाही.

## टप्पा ७: ठेवणं

डिस्क उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या सीडी-डीव्हीडी जतनाच्या मार्गदर्शिकेत तापमान २० अंशांखाली आणि आर्द्रता २० ते ५० टक्के असं सुचवलेलं आहे. घरात एवढं साधणं कठीण, पण दमट भिंतीला लागून असलेलं कपाट तरी टाळता येतं. ओलीनं डिस्कच्या आधी पुस्तिका बिघडतात: पानं चिकटतात, बुरशी येते. स्टीलबुकच्या कडांना गंज चढतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वेळच्या वेळी बदला. डिस्कवर लेबल चिकटवू नका, पेननं लिहू नका.

काही डिस्क नीट ठेवूनही मरतात. वॉर्नरच्या २००६ ते २००८ दरम्यान बनलेल्या काही डीव्हीडी आतून खराब होऊन बंद पडल्या आणि २०२५ मध्ये कंपनीनं हे मान्य केलं. त्या काळातल्या डीव्हीडी तुमच्याकडे असतील तर एक सुट्टी काढून शेवटच्या मिनिटापर्यंत चालवून बघा.

## टप्पा ८: नोंदवही, आणि जुनी प्रत काढणं

नोंद साध्या तक्त्यात पुरते: नाव, आवृत्ती, कंपनी, देश, रीजन, बारकोड, प्रतीचा क्रमांक, किंमत, तपासल्याची तारीख, हरवलेलं सामान. दुकानात उभं असताना फोनवर उघडता आली पाहिजे, नाहीतर एकच डिस्क दोनदा घेतली जाते.

नवी आवृत्ती आली की जुनी लगेच विकू नका. जुनी कमेंटरी दुसऱ्या कंपनीच्या मालकीची असते आणि तिचे हक्क नव्या कंपनीला मिळतातच असं नाही, म्हणून चित्र सुधारतं आणि जुन्या डिस्कवरची उत्तम मुलाखत गायब होते. दोन्हींच्या पुरवण्यांची यादी शेजारी ठेवा. काही गळलेलं असेल तर जुनी डिस्क नव्या पेटीतल्या रिकाम्या कप्प्यात ठेवा आणि तक्त्यात तशी नोंद करा. काहीच गळलेलं नसेल तर नवी डिस्क सहाव्या टप्प्यातून पार पडल्यावरच जुनी विकायला काढा. पोस्टर किंवा कार्ड कमी असेल तर ते जाहिरातीतच लिहा आणि कड्याजवळच्या कोडाचा फोटो स्वतःहून जोडा. घेणारा तो मागणारच आहे.